'जागृत' हा शब्द : 'देऊळ', 'राम के नाम' आणि हसणारा प्रेक्षक

२०११ च्या नोव्हेंबर महिन्यात उमेश कुलकर्णी दिग्दर्शित 'देऊळ' प्रदर्शित झाला. मी तो मुंबईत जाऊन पाहिला आणि संध्याकाळच्या लाँचने मांडव्याला परतलो. गेटवेपासून आमच्या धक्क्यापर्यंत तासाभराचा प्रवास. लाँचवर वाडीतले दोघे भेटले. ते सामान आणायला मुंबईला गेले होते. त्यांना मी सिनेमाची गोष्ट सांगितली, नाना पाटेकरांच्या भाऊ गलांडेची नक्कल करून दाखवली. धक्का येईपर्यंत आम्ही तिघे हसत होतो.

दोन वर्षांनी आमच्या वाडीतल्या देवीच्या देवळाचा जीर्णोद्धार करायचे ठरले. मी शाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो, त्यामुळे वर्गणीचे आवाहन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते लिहिले, आणि चांगले लिहिले. त्यात देवीला 'जागृत' आणि 'नवसाला पावणारी' अशी दोन विशेषणे लावली. तोवर वाडीत तिला कोणी तसे म्हणत नव्हते. ती नुसती देवी होती. लग्नाची पहिली पत्रिका तिच्यापुढे ठेवायची, होडी पाण्यात लोटण्याआधी तिला नारळ द्यायचा, एवढाच व्यवहार. ज्या बैठकीत माझे पत्रक एकमताने मंजूर झाले, त्याच बैठकीत ओढ्यावरच्या साकवाचा विषय 'देवळाचे होऊ दे, मग बघू' म्हणून मागे पडला. 'देऊळ'मधल्या मंगरूळ गावातही देवळापायी दवाखाना मागे पडतो. त्या बैठकीत मला हे आठवले नाही.

हा लेख त्या विसरण्यापासून सुरू होतो. ज्या सिनेमाने मला इतके हसवले, त्याने मला हातात पेन घेताना अडवले का नाही? हा दोष माझा, हे उघड आहे. पण समीक्षक म्हणून मला आणखी एक शंका येते. धर्मसंस्थेला प्रश्न विचारण्यासाठी आपल्याकडे विनोद आणि माहितीपट ही दोन साधने वापरली गेली आहेत. त्यांपैकी कोणते साधन प्रेक्षकाला धरून ठेवते आणि कोणते त्याला हळूच सुटू देते, हे तपासायला हवे.

आधी एक भेद स्पष्ट करतो. धर्म या एकाच शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. संध्याकाळी देवीपुढे दिवा लावणारी बाई ही एक गोष्ट. समिती, पावतीपुस्तक, मानपान, जमीन, मध्यस्थ आणि मते ही दुसरी. पहिलीला मी श्रद्धा म्हणतो, दुसरीला संघटित धर्म. हा लेख दुसरीविषयी आहे. अडचण अशी, की दुसरी नेहमी पहिलीच्या आडोशाला उभी असते, त्यामुळे तिच्यावर नेम धरला की पहिलीला लागण्याची भीती असते. म्हणून या विषयावरच्या कोणत्याही कलाकृतीला मी एकच प्रश्न लावून पाहतो : तिच्यात हसू नेमके कोणावर येते?

आपल्याकडे हा नेम फार पूर्वी एका माणसाने अचूक धरला होता. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गोष्ट छोटी आहे. एक कुणबी बाई गरोदर आहे. जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो, अनुष्ठान आणि ब्राह्मणभोजन सांगतो, आणि त्या गरीब घराला कर्जात लोटतो. पण नाटकात एक विदूषकही आहे. तो मध्येच बोलतो, जोशीच्या बोलण्यातल्या फटी दाखवतो, प्रेक्षकाच्या मनातली शंका मोठ्याने विचारतो. हसू जोशीच्या युक्तीवर येते. भीतीपोटी फसलेल्या बाईवर ते येऊ नये, याची विदूषक काळजी घेतो. अनुष्ठानाला काय लागते, कोण किती उकळतो, जेवणावळीचा खर्च कसा वाढत जातो, याची नोंदही नाटकात हिशेबासारखी आहे. विनोद आणि दस्तऐवज तिथे एकाच संहितेत राहतात. शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट धरते.

हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेले आणि नाकारले गेले. 'गुलामगिरी'त जोतीरावांनी त्याचा उल्लेख केला आहे. वाचकांसमोर छापील रूपात ते आले १९७९ साली, म्हणजे लिहिल्यानंतर १२४ वर्षांनी. मराठी नाटकाच्या इतिहासात या सव्वाशे वर्षांचा तोटा कोणी मांडला आहे का, याचा विचार मी अनेकदा करतो. पण तमाशाचा साचा घेऊन सत्यशोधक जलशांनी ही रीत गावोगाव जिवंत ठेवली, आणि तिथेही गावकऱ्याला हसवत हसवतच प्रश्न विचारले जात.

मराठी सिनेमानेही हा धागा लवकर उचलला. १९३५ सालच्या 'धर्मात्मा'त व्ही. शांताराम यांनी बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत उभे केले. त्या चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. सेन्सॉरमुळे ते बदलावे लागले. पुढच्याच वर्षी दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातला सालोमालो आठवा. तुकारामाचे अभंग आपल्या नावावर खपवणारा, सोवळे सांभाळणारा, मंबाजीचा वारस शोभणारा हा माणूस आहे. भागवत यांनी तो असा उभा केला की प्रेक्षक त्याला पाहताच हसतो. देवळाचा ताबा ज्याच्याकडे तो हास्यास्पद, आणि ज्याच्याकडे नुसता देव आहे तो तुकाराम गंभीर. भाविक प्रेक्षक या हसण्यात मोकळेपणाने सामील झाला, कारण त्याच्या श्रद्धेला धक्का लागत नव्हता. विष्णुपंत पागनीसांना पाहून हात जोडणारा आणि सालोमालोला हसणारा प्रेक्षक एकच होता.

इथे विनोदाची पहिली मर्यादाही दिसते. सालोमालो दुष्ट आहे आणि तो दुसरा कोणीतरी आहे. चित्रपटगृहातला एकही माणूस स्वतःला सालोमालो समजत नाही. म्हणजे प्रेक्षक हसतो आणि सुटतो.

'देऊळ'चे मोठेपण असे, की तो ही सुटका अवघड करतो. गिरीश कुलकर्णींची पटकथा आणि संवाद यांत खलनायक नाही. केशा हा भाऊंच्या घरी गुरे राखणारा साधा गडी. हरवलेल्या करडी गाईला शोधताना दमून औदुंबराखाली झोपतो आणि त्याला दत्तगुरूंचे दर्शन होते. सिनेमा त्या दर्शनाची चेष्टा करत नाही. अण्णा (दिलीप प्रभावळकर) हे गावात राहणारे अभ्यासू गृहस्थ त्याला सांगतात, की ही गोष्ट तुझ्यापाशीच ठेव. पण केशा आनंदाच्या भरात गावभर ओरडत सुटतो. एकदा ती गोष्ट गावात पसरली की तिच्यावर त्याचा हक्क उरत नाही.

पुढे जे घडते ते प्रत्येकाच्या बाजूने योग्यच आहे. बेकार तरुणांना काम हवे, पत्रकाराला बातमी हवी, बायकांना दुकान टाकायला जागा हवी, गावाला रस्ता हवा. भाऊ सुरुवातीला दवाखान्याच्या बाजूने आहेत. वारा फिरला तसे ते फिरतात. कोणीही खोटे बोललेले नाही, तरी शेवटी सगळे मिळून एक खोटे उभे राहते. २०१२ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'देऊळ'ला 'ब्यारी'सोबत विभागून मिळाला. गिरीश कुलकर्णींना अभिनय आणि संवाद या दोन्हींसाठी गौरवले गेले. पुरस्कार मिळाला नसता तरी मी हेच म्हटले असते, की धर्मसंस्था कशी जन्मते याचे इतके बारीक चित्रण मराठीत दुसरे नाही.

या चित्रपटाचा शेवट मला सर्वांत कठोर वाटतो. ज्याला दर्शन झाले त्या केशालाच त्या देवळात जागा उरत नाही. तो मूर्ती उचलतो आणि नदीत सोडतो. गाव दुसरी मूर्ती बसवते. अण्णा गाव सोडून जातात. देव नदीत गेला तरी देऊळ चालू राहते. म्हणजे देवळाला त्या देवाची गरज कधीच नव्हती. हे वाक्य चित्रपटात कोणी बोलत नाही. ते दृश्यातून येते आणि चित्रपटगृहात एकदम शांतता पसरते.

जगात याच्या जवळचे उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या माँटी पायथन मंडळींचा १९७९ सालचा 'लाइफ ऑफ ब्रायन'. ब्रायन येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मतो आणि लोक त्यालाच मसीहा समजतात. तो जीव तोडून सांगतो की मी तो नव्हे. अनुयायी ऐकत नाहीत. त्याची चप्पल पडते तर तिच्यावरून पंथ पडतात. चित्रपट येशूवर हसत नाही, अनुयायांच्या घाईवर हसतो. तरीही नॉर्वे आणि आयर्लंडमध्ये त्यावर बंदी आली. ब्रायनला नको असलेले देवपण चिकटते, केशाचे खरे दर्शन काढून घेतले जाते. दोघांनाही कोणी काही विचारत नाही. २००८ साली अमेरिकेत बिल मार या विनोदी कलाकाराने 'रिलिजुलस' हा माहितीपट केला. तो स्वतः भाविकांकडे जातो, त्यांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारतो आणि हशा मिळवतो. प्रश्न चतुर आहेत, पण मला तो पाहताना अस्वस्थ वाटते. समोरचा ट्रकचालक किंवा दुकानदार उत्तर देताना गडबडतो आणि आपण हसतो, तेव्हा धर्मसंस्थेचे काय बिघडले? हसू दिवा लावणाऱ्या बाईवर आले. जोतीरावांच्या विदूषकाने हे होऊ दिले नसते.

हीच कसोटी आपल्याकडच्या माहितीपटांना लावू. आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' १९९२ सालचा. १९९० च्या सप्टेंबरात सोमनाथहून निघालेली रथयात्रा आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेरचे अयोध्येतले दिवस यांच्या मागावर हा कॅमेरा गेला होता. त्याला शोधपर माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तरीही दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला. न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्यांच्याच 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध'साठी लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००६ साली निकाल प्रक्षेपणाच्या बाजूने लागला.

'राम के नाम'मध्ये हसू आहे. मोटारीला सजवून केलेला रथ पाहिला की ते आपोआप येते. राम कोणत्या काळी जन्मला, असा साधा प्रश्न पटवर्धन कॅमेऱ्यामागून विचारतात आणि समोरचा उत्साही तरुण चाचपडतो, तेव्हाही येते. पहिल्या ठिकाणचे हसू मला रास्त वाटते. दुसऱ्याबद्दल मी साशंक आहे. ज्याला सन-सनावळी येत नाही त्याची श्रद्धा खोटी ठरत नाही. आमच्या वाडीत देवीचे साल कोणालाच सांगता येणार नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. पटवर्धनांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की त्या तरुणाचा दावा श्रद्धेपुरता नव्हता, एका जागेच्या मालकीचा होता, आणि मालकीचा दावा करणाऱ्याला साल विचारणे गैर नाही. तरी त्या क्षणी चित्रपटगृहातले हसू थोडे शहरी आणि थोडे उद्दाम होते, हे मी स्वतः त्या हसण्यात होतो म्हणून सांगतो.

पण या माहितीपटाचे खरे बळ दुसरीकडे आहे. त्यात पुजारी लालदास आहेत. न्यायालयाने नेमलेले रामजन्मभूमीचे मुख्य पुजारी. ते सौम्य आवाजात, अंगणात बसून सांगतात, की या साऱ्या चळवळीचा भक्तीशी संबंध नाही. हा सत्तेचा आणि पैशाचा व्यवहार आहे. त्यांच्या बोलण्यात उपहास नाही. रामावरच्या प्रेमातून त्यांचा विरोध येतो. पुढे त्यांना पदावरून दूर केले गेले आणि १९९३ साली त्यांचा खून झाला. आज तो माहितीपट पाहताना हे आपल्याला ठाऊक असते, आणि त्या शांत चेहऱ्याकडे पाहणे कठीण जाते.

लालदास पडद्यावर दिसतात तेव्हा आपला भेद आपोआप स्पष्ट होतो. श्रद्धा आणि संघटित धर्म यांच्यामध्ये उभा राहून एक पुजारी बोलतो आहे. कोणत्याही नास्तिक वक्त्याच्या तोंडी ते शब्द इतके जड झाले नसते. आणि माहितीपटाला नटाचा आडोसा नसतो. 'देऊळ'मधला केशा मूर्ती नदीत सोडून देतो, गिरीश कुलकर्णी घरी जातात. लालदास घरी जाऊ शकले नाहीत.

'विवेक' हा पटवर्धनांचा २०१८ सालचा, जवळपास चार तासांचा माहितीपट याच जागी आणखी खोल जातो. अॅम्स्टरडॅमच्या महोत्सवात त्याला दीर्घ माहितीपटाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर (पुणे, २० ऑगस्ट २०१३), कॉम्रेड गोविंद पानसरे (कोल्हापूर, फेब्रुवारी २०१५), डॉ. एम. एम. कलबुर्गी (धारवाड, ऑगस्ट २०१५) आणि गौरी लंकेश (बंगळूर, सप्टेंबर २०१७) यांच्या खुनांचा माग तो घेतो. त्यात हसायला फारसे काही नाही. मला तो लांब वाटतो आणि काही ठिकाणी आधीच पटलेल्यांशी बोलणारा वाटतो. पण दाभोलकरांची जुनी चित्रणे आली की एक गोष्ट लक्षात येते : हा माणूस व्यासपीठावर हसत होता आणि हसवत होता.

ही गोष्ट माझ्या मुद्द्याला जवळची आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे चमत्काराचे प्रयोग ज्यांनी शाळांतून पाहिले असतील त्यांना ते आठवेल. कार्यकर्ता आधी बाबा होतो, जिभेवर जळता कापूर ठेवतो, नारळातून भलतेच काही काढतो. पोरे टाळ्या वाजवतात. मग तो युक्ती सांगतो आणि एखाद्या मुलाला पुढे बोलावून तीच करायला लावतो. हशा आधी येतो, पुरावा मागून येतो, आणि शेवटी प्रेक्षकाच्या हातातच ती वस्तू ठेवली जाते. 'तृतीय रत्न'मधल्या विदूषकाची ही थेट वंशावळ आहे असे मी मानतो. दाभोलकरांच्या खुनानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षअखेरीस कायदा झाला. पण कायद्याआधी कितीतरी वर्षे त्या कापराने काम केले होते.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की हे सगळे एकाच धर्माच्या वाट्याला का? आक्षेप टाळण्यासारखा नाही. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध'मध्ये रूपकंवरच्या सतीप्रकरणाबरोबर शाहबानोचेही प्रकरण आहे. आणि आमच्याच कोकणातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. 'सत्यशोधक' हे जोतीरावांचे नाव त्यांनी जाणून घेतले. ज्योती सुभाष यांनी दलवाईंवर माहितीपट केला आहे. त्यात आणि लालदासांच्या दृश्यांत मला एक साम्य दिसते : प्रश्न घरातल्या माणसाने विचारला आहे, आणि किंमतही घरातच मोजली आहे.

आता पुन्हा मांडव्याकडे येतो. गेल्या पावसाळ्यात, लाँचा बंद असतानाच्या दिवसांत, मी पडवीत चादर लावून प्रोजेक्टरवर दोन रविवारी हे दोन चित्रपट दाखवले. बारा-पंधरा माणसे होती. पहिल्या रविवारी 'देऊळ'. आमच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष, ज्यांना मी दादा म्हणतो, सर्वांत मोठ्याने हसले. संपल्यावर म्हणाले, "मास्तर, घाटावर हे असंच चालतं." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. मंगरूळ घाटावरचे, भाषा घाटावरची, दत्ताचे देऊळ. आपली देवी वेगळी. १३ वर्षांपूर्वी लाँचवर मीही असेच हसलो होतो. 'देऊळ'मध्ये खलनायक नाही, म्हणून प्रेक्षक सुटू शकत नाही असे मी वर म्हटले. दादांनी मला दाखवून दिले, की सुटायचे असेल तर माणूस भूगोलातूनही सुटतो.

दुसऱ्या रविवारी 'राम के नाम'. मला धाकधूक होती. भांडण होईल असे वाटले होते. मधे दोघे उठून गेले, एकाने कुरकुर केली की हे जुने कशाला उकरायचे. लालदास बोलू लागले तेव्हा मात्र पडवीत कोणी हलले नाही. आमच्या देवळाच्या गुरवांच्या घरातल्या काकू मागे बसल्या होत्या. पिढ्यान् पिढ्या दिवाबत्ती त्यांच्या घराकडे. जीर्णोद्धारानंतर समितीने त्यांना महिन्याचा पगार लावला आणि गाभाऱ्याची किल्ली अध्यक्षांकडे गेली. लालदासांना पुढे मारले हे मी सांगितले, तेव्हा काकू एवढेच म्हणाल्या, "ह्यो खरा पुजारी व्हता." थोड्या वेळाने, कोणाला उद्देशून नाही, असे म्हणाल्या, "देवी व्हती तीच हाय. पावतीबुकं तेवढी नवी."

दादा तिथेच बसले होते. ते हसले नाहीत. मीही काही बोललो नाही, कारण त्या पावतीबुकावरचा मजकूर माझा होता.

त्या रात्री मला जे उमगले ते समीक्षेच्या भाषेत मांडायचा प्रयत्न करतो. विनोद यंत्रणा दाखवतो. देऊळ कसे उभे राहते, कोण कशासाठी सामील होतो, दवाखाना नेमका कोणत्या बैठकीत मागे पडतो, हे 'देऊळ'इतके स्पष्ट कोणताही माहितीपट दाखवू शकला नसता. खऱ्या बैठकीत कॅमेरा आला की माणसे शहाण्यासारखी बोलू लागतात. पण यंत्रणा दाखवताना विनोद तिला नाव-गाव देत नाही, आणि त्या मोकळ्या जागेत प्रेक्षक दुसऱ्याचे नाव भरतो. माहितीपट नाव देतो. अमुक माणूस, अमुक दिवशी, अमुक अंगणात हे बोलला. त्यापुढे 'घाटावर असंच चालतं' म्हणता येत नाही. मात्र माहितीपटही भाविकाला चाचपडताना पकडून हसू मिळवू लागला, की तो पहिल्याच पायरीवर घसरतो आणि समोरचा माणूस कान बंद करतो.

जोतीरावांनी या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या होत्या : खर्चाचा हिशेब आणि विदूषक. 'देऊळ'मध्ये हिशेब आहे, पण विदूषक नाही. प्रश्न विचारू शकणारे अण्णा गाव सोडतात, आणि आपण त्यांच्याबरोबर सन्मानाने बाहेर पडतो. चित्रपटातला शिकलेला माणूस निघून जातो हे वास्तवाला धरून असेल. पण शिकलेल्या प्रेक्षकाला त्यात फार सोयीची जागा मिळते. मला ती मिळाली होती. स्वतःला मी अण्णा समजत होतो. प्रत्यक्षात बातमी रंगवणाऱ्या पत्रकाराचे काम मी केले. त्या चित्रपटाची माझी जुनी टिपणे काढून पाहिली तर भाऊंवर दोन पाने आहेत, अण्णांवर एक, आणि पत्रकारावर अर्धी ओळही नाही. हे अपुरे वाचन होते. 'देऊळ'ची नीट समीक्षा करायची तर प्रत्येकाने आधी त्यात आपले काम कोण करतो आहे ते शोधावे, असे मी आता म्हणेन.

'जागृत' या शब्दाने पुढे काय केले तेही सांगायला हवे. शनिवार-रविवारी मांडव्याला उतरणारे पाहुणे आता विचारत विचारत आमच्या देवळाकडे येतात. पार्किंगसाठी बाजूची जांभळाची झाडे गेली. दोन घरांना नारळ-हारांच्या टपऱ्यांतून चार पैसे मिळतात, आणि ते पैसे खरे आहेत. मी ते नाकारणार नाही. 'देऊळ'नेही ते नाकारलेले नाही. देवळाला रंग दरवर्षी लागतो. साकव अजून लाकडाचाच आहे, आणि पावसात पोरांना हात धरून पलीकडे न्यावे लागते.

या वर्षी नवरात्राआधी दादा घरी आले. सभामंडपाचे काम काढायचे आहे, नवे पत्रक हवे. जुन्या पत्रकाची प्रत त्यांनी सोबत आणली होती. मी ती घेतली आणि त्यांच्यासमोरच 'जागृत' आणि 'नवसाला पावणारी' हे शब्द खोडले. खाली दोन ओळी घातल्या : मागच्या जीर्णोद्धाराचा जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लावला जाईल, आणि या वर्गणीतला ठरावीक हिस्सा साकवाला जाईल. दादांनी कागद बराच वेळ वाचला. म्हणाले, "मास्तर, हिशेबाची ओळ ठेवू. पण 'जागृत' काढलं तर लोक विचारतील, देवी झोपली का?"

मला हसू आले, त्यांनाही आले. त्या हसण्यात या वेळी आम्ही दोघेही होतो आणि घाटावरचे कोणी नव्हते. पत्रक अजून छापलेले नाही. बैठक दिवाळीनंतर आहे, आणि तिथे हा कागद मी वाचून दाखवणार आहे.